गाडी रिकामी असली तरी सुटते

वाचकांचे प्रश्न, उत्तरं कलाकेंद्राच्या ऑफिसातून

मी कलाकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. एस.टी.त ३३ वर्षं काढली, शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून, म्हणजे लोक ज्याला कंट्रोलर म्हणतात तो. २०११ ला निवृत्त झालो आणि त्याच वर्षी सांगलीच्या गावभागातल्या आमच्या कलाकेंद्राच्या किल्ल्या हातात आल्या. विश्वस्तांना वेळेवर येणारा माणूस हवा होता, बाकी काही पात्रता त्यांनी विचारली नाही. तेव्हापासून सकाळी सहाला दार उघडतो आणि रात्री तालीम संपली की लावतो. मधल्या वेळात जे दिसतं, त्याच्या जोरावर संपादकांनी हे सदर माझ्या गळ्यात घातलंय.

एक खुलासा. नावात 'कलाकेंद्र' आहे म्हणून महिन्याला दोनचार फोन येतात, "आज बारी किती वाजता?" बारी म्हणजे लावणीचा कार्यक्रम. तो जिथे होतो ती कलाकेंद्रं वेगळी, ते आम्ही नव्हे. तिथल्या बायका पायात घुंगरं बांधून जेवढा रियाज करतात, त्याच्या निम्मा आमच्या मुलांनी केला तर मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटीन. पण आमच्याकडे बारी नसते. असो, पत्रांकडे वळतो.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. दीड वर्ष तबल्याच्या क्लासला जाते. अजून त्रितालाचा ठेका आणि कायदे म्हणतात त्या बोलांच्या दोन रचना, एवढंच झालंय. दुसऱ्या क्लासमधली तिच्या वयाची मुलं दोन-दोन परीक्षा देऊन बसली. गुरुजी म्हणतात, घाई नको. क्लास बदलू का?
— एक आई, जयसिंगपूर

ताई, एवढ्यावरून बदलू नका. नऊ वर्षांच्या हाताला दीड वर्षात दोन कायदे स्वच्छ येत असतील तर ते कमी नाही. 'स्वच्छ' येतात का, ते मात्र तुम्ही लिहिलं नाही.

परीक्षांना मी नावं ठेवणार नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशी सात पायऱ्यांची शिडी आहे, आणि ज्यांच्या परंपरेतून ती आली ते विष्णु दिगंबर पलुसकर तुमच्या शेजारच्या कुरुंदवाडचे. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली थेट लाहोरला जाऊन त्यांनी विद्यालय काढलं. गाणं चार लोकांच्या पोरांना शिकता यावं म्हणून ही सगळी खटपट होती. पण आता शिडीच्या टोकाला दहावीचे वाढीव गुण टांगलेत. ते मिळवण्यात गैर काही नाही, मीही नातवाला चित्रकलेच्या इंटरमीजिएटला बसवलं. फक्त पंधरा वर्षं मी एक बघत आलोय: दहावीचा निकाल लागला, की जूनमध्ये तबल्याच्या खोलीत तबल्याखाली ठेवायच्या निम्म्या चुंबळी भिंतीला लावून ठेवलेल्या असतात.

तेव्हा एक करा. एखाद दिवशी पंधरा मिनिटं आधी जा आणि लांबून बघा. आपली पाळी यायच्या आधी मुलगी काय करते? आमच्याकडे एक मुलगा होता. पाळी येईपर्यंत तो खिडकीच्या गजांवर बोटांनी 'धा धा तिट' करत बसायचा. गजाचा रंग उडाला त्या जागी. त्याच्या वडलांना मी तो गज दाखवला आणि म्हटलं, परीक्षेचं तुम्ही आणि गुरुजी बघा, पोरगं मात्र काढू नका. तुमची मुलगी त्या वेळात भिंतीवरचं घड्याळ बघत असेल, तर क्लास बदलूनही तेच घड्याळ असणार. मग तिला हळूच विचारा, दुसरं काय आवडतं ते.

आणि पावसाळ्यात तबला कपाटात ठेवत असाल तर आत एक छोटा बल्ब लावून ठेवा. पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, सर्दावली की मुलांना वाटतं आपलाच हात बिघडला.

आमच्या ग्रुपमध्ये राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीला नऊची वेळ दिली की सगळे दहाला येतात. काय करावं?
— हौशी दिग्दर्शक, विटा

नऊला सुरू करा. जो आला असेल त्याच्यासोबत. कुणीच नसेल तर तुम्ही एकटे उभे राहून सगळ्यांचे संवाद मोठ्याने म्हणा. आमच्याकडच्या एका दिग्दर्शकाने चार दिवस हे केलं. पाचव्या दिवशी नायक पावणेनऊला हजर, कारण त्याचे संवाद दिग्दर्शक जास्त बरे म्हणतो, अशी बातमी बाहेर पसरली होती.

पाच वर्षांपूर्वी वर्गणी काढून गावात सांस्कृतिक भवन बांधलं. दोनशे खुर्च्या, स्टेज, साउंड, सगळं आहे. पण कार्यक्रम गणपतीत आणि शिवजयंतीला. बाकी साखरपुडे, बारशी. मुलांना गोडी नाही, मोठी माणसं मोबाइलमध्ये. एखादा नामांकित कलाकार आणून दणक्यात कार्यक्रम करावा म्हणतो. मार्गदर्शन करावं.
— भवन समितीचे सचिव, तासगाव तालुका

सचिवसाहेब, नामांकित कलाकार आणा, पण आत्ता नको. आधी मला सांगा, भवनाची किल्ली कुणाकडे असते?

पत्रात ते नाही, म्हणून अंदाजाने लिहितो. किल्ली अध्यक्षांकडे असणार, नाहीतर चौकातल्या दुकानदाराकडे. ज्याला पेटी वाजवायची त्याने आधी फोन करायचा, मग अध्यक्ष शेतात, मग त्यांचा पोरगा किल्ली शोधणार. तोवर वाजवायची हौस उतरते. भवन तिथे अडलंय, मोबाइलमध्ये नाही.

एस.टी.तलं सांगतो, मला दुसरं येत नाही. एखाद्या आडगावाला नवी वस्तीची गाडी सुरू झाली की पहिला महिना तिच्यात तीनचार माणसं. एक म्हातारी, एक दूधवाला, एखादा कोर्टाची तारीख असलेला. वरून विचारणा व्हायची, कशाला डिझेल जाळता? पण ती फेरी एका दिवशी जरी रद्द झाली, तरी फलाटावर ताटकळलेली तीन माणसं गावात जाऊन तीसजणांना सांगतात, "त्या गाडीचं काय खरं नाही." आणि सलग तीन महिने ती वेळेवर सुटली, की कॉलेजची पोरं पास काढतात. गाडी रिकामी असली तरी सुटते. ती सुटते हे लोकांना आधी कळावं लागतं, माणसं बसतात नंतर.

म्हणून तुम्ही रोजचे दोन तास ठरवा. समजा संध्याकाळी पाच ते सात. दार उघडायचं, झाडायचं, जाजम अंथरायचं, एक पेटी आणि तबल्याची जोडी बाहेर काढून ठेवायची. खुर्च्या नकोत, दोनशे रिकाम्या खुर्च्या बघून कुणीही बिचकेल. कुणी आलं नाही तर तुम्ही पेपर वाचत बसा. सात वाजता दार लावा.

हे शहाणपण मला उशिरा आलं. सुरुवातीला मीही तुमच्यासारखाच होतो. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते आमच्याच सांगलीत, त्यामुळे त्या दिवशी इथे हाराला आणि भाषणाला तोटा नसतो. पहिली दोन वर्षं मी तो दिवस जंगी केला. हॉल भरला, पेपरात फोटो आला. ६ नोव्हेंबरला सकाळी दार उघडलं, तर दारात एकही चप्पल नाही. मी तेव्हापासून हजेरीवही बाजूला ठेवली आणि चपला मोजायला लागलो. हजेरीवर लोक शेजाऱ्याचीही सही करतात, चपलांचं तसं नसतं. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी चार जोड होते, त्यातला एक माझाच.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागाचं काय झालं असेल ते तुम्ही समजू शकता. आमच्या खालच्या मजल्यावर स्विचबोर्ड बुडाले. तीन पेट्या, सात तबले, नाटकाच्या कपड्यांच्या ट्रंका, कागदपत्रांचं कपाट, सगळं पाण्याखाली. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर ते चिखलामुळे उघडेना. आत घोट्याएवढा गाळ आणि एक असा वास, जो मला आजही पाऊस लागला की येतो.

बैठक झाली. ठरलं, दिवाळीनंतर बघू. ठरावावर मीही सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाऊन दार उघडलं. त्यात फार मोठं काही नव्हतं. घरात बसवेना, एवढंच. पण सव्वासहाला गुरुवारच्या भजनी मंडळातल्या दोन बायका खराटे घेऊन आल्या. त्यांच्या स्वतःच्या घरात गाळ होता. मी म्हटलं, "वहिनी, आधी घरचं उरका." तर म्हणाल्या, "घरी रडायला येतंय, इथं येत नाही." नाटकातली पोरं आली आणि खुर्च्या गच्चीवर चढवायला लागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाळातून टाळांचा जोड सापडला. पितळच ते, नळाखाली धुतलं आणि वाजलं. वीज नाही, पेटी नाही, तबला नाही, आणि जिन्यात बसून त्या बायकांनी टाळावर हरिपाठ म्हटला. कार्यक्रम म्हणून सांगत नाही. काम करून कंबर धरली होती म्हणून टेकल्या होत्या.

आता साखरपुड्यांचं. ते बंद करू नका, विजेचं बिल त्यांच्यावरच निघतं. मात्र ते दोन तास विकू नका. मी एकदा विकले. चांगलं भाडं मिळत होतं म्हणून संध्याकाळी पाचला बारशाला हॉल दिला. गाण्याच्या वर्गाची अकरा मुलं फाटकावरून परत गेली. एकाला मी बारशाच्या पेढ्याचं आमिषही दाखवलं. त्यातली तीन परत कधी आली नाहीत. त्या भाड्यातून आणलेला पंखा अजून फिरतोय, आणि त्याच्याखाली बसायला मला आवडत नाही.

सहा महिने करून बघा आणि मला चपलांचा आकडा कळवा. कलाकाराला बोलवायचं ते नंतर ठरवू. मानधन किती मागतात ते एकदा विचारून ठेवा म्हणजे झालं. ते ऐकून कदाचित तुम्हीच पेपर वाचत बसाल.

एका नातेवाइकांच्या मुलाबरोबर तुमच्या केंद्रात येणं झालं. वर सिनेमाच्या गाण्यांवर नाच चालला होता, अंगणात हलगीवाले शेकोटी पेटवून बसले होते, आणि मधल्या खोलीत बिचाऱ्या मुली यमन म्हणत होत्या. शास्त्रीय कलेचं पावित्र्य असं राखलं जातं का?
— एक रसिक, मिरज

रसिकहो, तुम्ही जे पाहिलं ते खरं आहे आणि आवाज एकमेकांत शिरतात हेही खरं. त्याबद्दल माफी. मधल्या खोलीला चांगला दरवाजा लावायचा आहे, पैसे साठतायत.

ते पैसे कुठून साठतायत, तेही सांगतो. वरच्या नाचाच्या वर्गाच्या फीमधून. तो वर्ग सुरू करायला माझा विरोध होता. आमचे गाण्याचे गुरुजी म्हणाले, "होऊ द्या हो, माझ्या मुली दुर्लक्ष करायला शिकतील." खरंच शिकल्या. परवा रस्त्यावरून डीजे गेला तेव्हा एकीनेही मान वर केली नाही.

शेकोटीबद्दल मात्र तुमचा गैरसमज झालाय. हलगीचं कातडं वाजवण्याआधी शेकावं लागतं, तेव्हा ते ताणलं जातं आणि कडकडीत बोलतं. ओल्या हवेत तर दर थोड्या वेळाने शेकावं लागतं. ती पोरं कागद-काटक्या जाळून सूर लावत होती, तुमच्या गवई मंडळींनी तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसंच. आमचे तबल्याचे गुरुजी मोठ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम अंगणात पाठवतात. म्हणतात, हलगीच्या दोन काठ्यांचा, काडीचा आणि टिपरूचा, हात कसा वेगवेगळा चालतो ते बघून या. एकदा त्यातल्या एका हलगीवाल्याने विचारलं, "गुरुजी, तुमची सम कुठं पडती?" सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. गुरुजींनी ती दाखवली. तो म्हणाला, "आमची बी तिथंच पडती, आम्ही तिला काय म्हणत न्हाई." गुरुजी हे वाक्य दर गुरुपौर्णिमेला सांगतात. आता मलाही पाठ झालंय.

पावित्र्याचं उत्तर माझ्याकडे नाही. चपला सगळ्यांच्या दारातच असतात.

निवृत्तीनंतर गाणं शिकतोय. मिरजेतून तंबोरा घ्यायचा मोह होतोय. घरचे म्हणतात, मोबाइलमध्ये फुकट आहे की! वय ६४. घ्यावा का?
— विश्रामबाग, सांगली

काका, मोबाइलचा तंबोरा वाईट नाही. प्रवासात, रस्त्यावर, घाईच्या सकाळी तोच बरा. पण तो लावावा लागत नाही, आणि शिकणाऱ्या माणसाचं निम्मं शिक्षण लावण्यातच असतं. पंचम, दोन जोड आणि खर्ज, चारच तारा. पण त्या एकमेकींशी जुळेपर्यंत पहिल्या वर्षी वीस-पंचवीस मिनिटं जातात. मग तारांखालच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवत बसायचं, आवाज फुलेपर्यंत. आमच्याकडे सकाळी सहाला येणाऱ्या एक बाई म्हणतात की तेवढा वेळ कान धुतले जातात.

म्हणून आधी तीन महिने केंद्रातला तंबोरा वापरा. लावायचा कंटाळा आला नाही तर मग घ्या. मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन स्वतः बघून घ्या. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे तुमचे घरचेही जरा नरम पडतील. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा असतो. कारागिराला विचारा, तो किती दिवस वाळलाय. त्या प्रश्नावर ते खूश होतात आणि मग घाईने काही गळ्यात मारत नाहीत.

आणताना रिक्षा करा. एस.टी.ने आणू नका, हे मी सांगतोय. भोपळ्याला एक धक्का पुरतो, आणि आमच्या गाड्यांत धक्के भाड्यातच धरलेले असतात.

साधारण १९९८ मध्ये माझ्या वडलांची पेटी आम्ही तुमच्या केंद्राला दिली. खर्ज-नर, सुरांच्या दोन ओळींची, झाकणावर पितळी कमळ होतं. मी लग्नानंतर इंदूरला आले. पुराच्या बातम्या पाहिल्या तेव्हाच विचारायचं होतं, धीर झाला नाही. ती पेटी आहे का?
— एक वाचक, इंदूर

ताई, पेटी नाही. तुम्ही दुसरं कुणाकडून ऐकण्यापेक्षा मीच सांगतो.

ती तीनातली एक होती. पाण्यात आठवडाभर राहिल्यावर लाकूड फुगलं, सांधे सुटले. भात्याचा कागद आणि चामडं हातात घेतलं तर लगदा झाला होता. ती उन्हात ठेवली नाही, सावलीत ठेवली, कारण एकदम वाळली तर तडकते असं कुणी सांगितलं. तरी तडकलीच. मी ती दुरुस्ती करणाऱ्याकडे घेऊन गेलो, तिन्ही पेट्या हातगाडीवर घालून. त्याने तुमची उघडून बघितली आणि म्हणाला, खोकं गेलं, सूर जिवंत आहेत.

सूर म्हणजे पेटीच्या आतल्या, हवेने थरथरणाऱ्या पितळी जिभा. त्याने दोन्ही ओळींचे सूर एकेक करून काढले, ब्रशने गाळ झाडला आणि पुसून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. काही गंजाने हिरवे पडले होते, ते बाद केले. उरलेले त्याने केंद्राच्या दुसऱ्या पेटीत बसवले. तिचं खोकं वाचलं होतं पण सूर बिघडले होते. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, असं तो मला दाखवत होता. मी दोन तास तिथे स्टुलावर बसून होतो. माझं तिथे काही काम नव्हतं, पण उठवेना.

ती पेटी आता लहान मुलांच्या वर्गात आहे. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा आदल्या रात्री सगळ्यात आधी तीच गच्चीच्या खोलीत नेली. काळी दोनचा सूर किंचित चढा लागतो. तो दुरुस्तीवाल्याला दोनदा दाखवला. तो म्हणतो, आता खरवडलं तर जीभ तुटेल, राहू दे. मुलांना ते माहीत आहे. नवीन मूल आलं की जुनी मुलं त्याला सांगतात, ही पट्टी थोडी हळू दाब.

पितळी कमळ निघालं होतं, ते मी ठेवलंय. ऑफिसच्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, किल्ल्यांबरोबर. माहेरी याल तेव्हा घेऊन जा. लहान मुलांचा वर्ग सोमवार ते शुक्रवार पाच ते सहा असतो. पाचच्या आधी आलात तर मी पेटी उघडून देईन. पाचनंतर तुम्हाला मुलांच्या मागे बसावं लागेल.